वॉल्टरने मोजलेली मतं

वादळ होऊन गेलं की वॉल्टर हातोडी घेऊन बाहेर पडायचा आणि लोकांच्या अंगणातल्या निवडणुकीच्या पडलेल्या पाट्या पुन्हा रोवायचा. आधी विरोधी पक्षाच्या, मग स्वतःच्या.

अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये तो आमचा शेजारी. जन्मभराचा कॉन्झर्व्हेटिव्ह, पक्षाच्या स्थानिक समितीचा अध्यक्ष. सभेला बो-टाय लावून यायचा. “सरकार लहान असावं आणि आवाज त्याहून लहान,” हे त्याचं आवडतं वाक्य. वीस वर्षांत त्याने मला ‘मिस्टर जोगळेकर’शिवाय हाक मारली नाही. माझी बायको त्याला ‘भावजी’ म्हणायची. ती काहीतरी पदवी आहे अशा समजुतीने तो दर वेळी अदबीने मान तुकवायचा.

त्यानेच मला समितीत नेलं, चिटणीस केलं. सभेत ग्रंथालयाचं बजेट, रस्त्यावरचे दिवे. एकेका स्वल्पविरामावर वॉल्टर अर्धा तास घ्यायचा. लोक डुलक्या काढायचे. मीसुद्धा.

मग नवी माणसं आली. टोप्या, घोषणा, मायक्रोफोन.

“ते आपला देश पळवतायत!”

“ते म्हणजे कोण?” वॉल्टर शांतपणे विचारायचा. “नावं सांगा. मिस्टर जोगळेकरांना वृत्तांतात लिहावी लागतील.”

लोक हसायचे, पण वॉल्टरला.

त्यांचा पुढारी रिक, घरांची छपरं घालणारा. पहिल्याच भेटीत त्याने मला मिठी मारली. “ब्रदर, यू आर वन ऑफ अस!” तीस वर्षांत या देशात मला असं कुणी म्हटलं नव्हतं. घरी येऊन मी बायकोला दोनदा सांगितलं.

पुढे वॉल्टरला अध्यक्षपदावरून काढायचा ठराव आला. रिक म्हणाला, “हात वर करा, झालं!”

“नाही. चिठ्ठ्या,” वॉल्टर म्हणाला. “शेजाऱ्याला शेजाऱ्यासमोर लाजायची वेळ येऊ नये.”

चिठ्ठ्या त्यानेच मोजल्या, निकालही त्यानेच वाचला. एका मताने हरला. सगळ्यांशी हस्तांदोलन करून गेला. रिकच्या सांगण्यावरून मी वृत्तांतात लिहिलं, ‘प्रकृतीच्या कारणास्तव राजीनामा.’ गावात आजही तेच सांगतात. ते खोटं आहे. त्याची प्रकृती ठणठणीत होती, आणि ते एक मत माझं होतं.

त्यानंतर दर शनिवारी सकाळी कॉफीला त्याच्याकडे जाणं मी बंद केलं. गुडघ्याचं निमित्त सांगितलं. दोन वर्षं ते निमित्त पुरवलं.

गेल्या आठवड्यात मात्र गेलो. त्याने दार उघडलं आणि उंबऱ्यातच मी सगळं सांगून टाकलं.

“माहीत आहे,” तो म्हणाला. “अकरा वर्षं तुमच्या हातचे वृत्तांत वाचलेत. तुमचं अक्षर ओळखतो मी.”

“मग बोलला का नाहीत?”

“गुप्त मतदान होतं, मिस्टर जोगळेकर.”

मला वर बघवेना.

“मत तुमचं. कुणालाही द्या,” तो म्हणाला आणि दारातून बाजूला झाला. “पण शनिवारी दोघांची कॉफी टाकायची सवय काही मोडत नाही मला. दुसरा कप ओतून द्यावा लागतो.”