बाझीलच्या नावाचं चीज

आपल्या मयताचं चीज गावानं सहा महिन्यांपूर्वीच खाऊन संपवलंय, हे बाझीलला ऑगस्टमधल्या एका मंगळवारी कळलं.

त्यांच्या खोऱ्यात लग्नाच्या वर्षी नवरा-बायको जात्याच्या पाळीएवढं एकेक चीज तळघरात ठेवून देतात. ज्याचं चीज त्याच्या दफनानंतर कापायचं, आलेल्यांनी काळ्या पावाबरोबर खायचं आणि गेलेल्याबद्दल चार शब्द चांगले बोलायचे. बाझील आणि ओदीलची चीजं शेहेचाळीस वर्षं एका फळीवर शेजारी होती. डावीकडचं तिचं, उजवीकडचं त्याचं. दोन्ही मिठाच्या पाण्यानं पुसायची ओदीलच. फुशारकी मारायचा बाझील.

"माझं जूनच्या दुधाचं आहे," तो ज्याला त्याला ऐकवायचा. "लोक बोटं चाटत बसतील. बघायला मी नसेन, एवढंच."

फेब्रुवारीत ओदील गेली. शेजारच्या लेऑन्सनं तळघरातून डावीकडचं चीज वर आणलं. बाझीलनं तीन तुकडे खाल्ले, डोळे पुसले आणि म्हणाला, "हिच्या स्वभावासारखं आहे अगदी. गोड."

ऑगस्टात उरलेलं चीज पुसायला म्हणून त्यानं पहिल्यांदाच उलटं केलं, तर खाली कोरलेलं अक्षर 'ओ'.

तो तडक लेऑन्सकडे गेला.

"तूच म्हणालास डावीकडचं," लेऑन्स म्हणाला.

"खालचं अक्षर बघायचं नाही?"

"एवढा धोंडा डोक्यावर घेऊन खालून वाचत बसू?"

स्वतःचं चीज गेल्याचं बाझीलला वाईट वाटलं नाही. म्हणजे वाटलं, पण थोडंच. खरी बोच वेगळी होती. ओदीलच्या नावानं कुणी घासभरही खाल्लं नव्हतं. गावानं तिला नवऱ्याच्या चीजवर वाटेला लावलं होतं.

"एका जेवणाचं काम आहे," तो लेऑन्सला म्हणाला. "वरच्या कुरणावरच्या घरी सगळ्यांना बोलावतो. रांधतो मी, कापतो मी. घोटाळा झाला होता हे कुणाला कळणारही नाही. तू फक्त तोंड बंद ठेव."

लेऑन्सनं तोंड बंद ठेवलं. घात तिथेच झाला.

बाझील पाववालीकडे गेला. "शनिवारी दुपारी सगळ्यांना वर जेवायला पाठव. तळघरातलं चीज कापतोय," एवढंच बोलला आणि काही फुटू दिलं नाही म्हणून स्वतःवर खूश होऊन घरी आला.

पाववालीनं हिशेब केला. ओदीलचं चीज फेब्रुवारीत संपलं. मग तळघरात उरलं कुणाचं? संध्याकाळपर्यंत गावभर झालं की डॉक्टरांनी हात टेकलेत आणि बाझील बिचारा मरायला डोंगरावर निघालाय.

शनिवारी तो चुलीपाशी बटाटे सोलत होता. आधी फादर आले. दोन तासांच्या चढानं तोंड बिटासारखं लाल, हातात मरणाऱ्याच्या कपाळाला लावायच्या तेलाची कुपी.

"कुठे आहे तो?" असं म्हणेपर्यंत त्यांना बाझील दिसला आणि ते बाकावर टेकले. "तुम्ही उभे आहात?"

"तुम्ही आलात म्हणून उठलो. बसून सोलत होतो."

मागोमाग दहाजणं आली, सगळी काळ्या कपड्यांत. सर्वात पुढे ओदीलची बहीण क्लोटिल्ड, खांद्याला पुष्पचक्र अडकवून. त्याच्या पट्टीवर लिहिलं होतं : 'प्रिय बाझील, शांत झोप.'

तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "भाऊजी, निदान थोडं आडवे तरी व्हा. माणसं चढून आलीत."

मग बाझीलला सगळं सांगावंच लागलं. हातात बटाटा, मान खाली. फादरनी कुपी खिशात टाकली. "भूक मात्र लागलीय," ते म्हणाले.

सुरी चीजमध्ये शिरेना. शेवटी लाकडं कापायची करवत आणली. पहिला तुकडा तोंडात गेला आणि सगळ्यांचे हात दुसऱ्याकडे वळले. असं चीज त्या खोऱ्यात कुणी खाल्लं नव्हतं. मग बोलणं सुरू झालं : ओदील पत्त्यांत कशी लबाडी करायची, पाद्र्यालासुद्धा कशी सोडायची नाही. बाझीलला बरं वाटलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

क्लोटिल्डनं तिसरा तुकडा संपवून तोंड पुसलं.

"एक सांगायचं राहिलं. फळीवर अदलाबदल ओदीलनंच केली होती. आजारी पडली तेव्हा. भाऊजींचं चीज एका बाजूनं किडलेलं. म्हणाली, 'ह्यांनी गावभर फुशारकी मारलीय, ह्यांच्या मयताला किडकं निघालं तर हसं होईल. ते माझ्या नावावर खपवा, मला कुठे ऐकू येणार आहे? माझं चांगलं ह्यांना राहू दे.'"

बाझीलला आपले ते तीन तुकडे आठवले.

"किडकं होतंच," लेऑन्स म्हणाला. "मयताच्या जेवणात तक्रार कोण करणार?"

"आणि हे तू आत्ता सांगतेस?" बाझील क्लोटिल्डला म्हणाला.

"आधी सांगितलं असतं तर कापू दिलं असतंत? शेहेचाळीस वर्षं मी नुसता वास घेतेय."

कापायच्या पाटावर चीजची फक्त साल उरली होती. बाझीलनं ती रुमालात बांधून खिशात ठेवली.

"चला," लेऑन्स उठत म्हणाला. "फादर येऊन गेले, पुष्पचक्र आलं, जेवणही झालं. तुझं आता फक्त मरायचं राहिलंय."

बाझीलनं कोपऱ्यातल्या भांडी धुवायच्या दगडी कुंडीकडे पाहिलं. खरकट्या ताटल्यांचा ढीग होता, आणि ओदील असताना त्यानं आयुष्यात एकही ताटली धुतली नव्हती.

"ते नंतर," तो म्हणाला. "आधी ही भांडी राहिलीत."