रांजणाला कान

माझ्या थोरल्या भावानं वाटणीत मला फसवलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दादाचं सांगू लागलं की ऐकणारे त्याच्याच बाजूचे होतात.

नेरडीगोंड्याजवळचा द्राक्षाचा मळा वडिलांनी लावला, परवाना काढून वाईनही केली. बेल्लमपल्लीपर्यंत आमच्या बाटल्या जायच्या. वडील गेल्यावर, ब्याऐंशीत, मी भांडून अख्खा मळा घेतला. दादाला घर आणि जुने रांजण उरले. आदिलाबादच्या बाजारात भाजी विकून वर आलेला माणूस मी, वाटलं, जिंकलो. मग कळलं, वाईनची कृती वडिलांनी एकट्या दादालाच शिकवली होती.

दादा रांजणाला कान लावून बसायचा आणि आतल्या फसफसणाऱ्या रसाला चक्क उत्तरं द्यायचा. "हो, आला हाय तो. वरडनारच. सवय हाय त्याची."

दरवर्षी मी द्राक्षांच्या पाट्या घेऊन जायचो, कृती मागायचो.

"सांगतो ना. घाई कायची हाय? कान लाव. आला आवाज?"

"नाई."

"मंग उद्या ये."

उद्या गेलं की वहिनीच्या हातची भाकर, चहा, आणि पुन्हा "उद्या ये". एकदा मी भडकलो. "काऊन लपवून राह्यला? द्राक्षं म्हशीले घालीन!"

"घाल. तुह्यापेक्षा ती शांततेनं खाईल."

वाटणीनंतर मी भावकीत कुणाशी बोलत नव्हतो. दादाकडेही जायचो ते भांडायलाच.

सत्त्याण्णवच्या पौषात दादा अंगणातल्या खाटेवर बसल्या बसल्या गेला. द्राक्षं पिकली तेव्हा सवयीनं पाट्या घेऊन मी त्याच्या दारात उभा राहिलो. वहिनीनं पाट्या आत ओढल्या, पदर खोचला आणि रस काढता काढता सगळी कृती सांगून टाकली.

"तुमाले ठाऊक होती?"

"कवाचीच. तुमचे दादा तुमालेबी पहिल्याच साली सांगनार होते, भाऊजी. मंग म्हनले, सांगितली तर हा भांडायलेबी येनार नाई."

चार दिवसांनी रांजणाला कान लावला. आत बारीक कुजबुज चालली होती. "आला," मी मागं वळून म्हणालो. खाट रिकामी होती.

दरवर्षी मला "घाई कायची हाय" म्हणून परत पाठवलंस. मग तुलाच जायची एवढी घाई काऊन झाली? दादा, जबाब दे.