सगुणाबाईंचं वाकडं बोट

बाळांनो, मांडी घालून बसा आणि पायाची बोटं जरा मोकळी सोडा. ऐका.

एका जंगलात सगुणाबाई नावाच्या अस्वलीणबाई राहायच्या. उंच झाडावर सरसर चढून मध काढावा तर त्यांनीच.

एकदा जंगलात टोकदार बुटांची फॅशन आली. हरिणींना ते बूट शोभायचे, कारण हरिणींचे खूरच टोकदार. सगुणाबाईंचे पाय पाटासारखे रुंद. पण शेजारच्या साळूताई साळिंदर तसले बूट घालून टकटक करत दारावरून गेल्या आणि सगुणाबाईंना राहवेना.

"आवळतात हो फार," त्या दुकानदार कोल्ह्याला म्हणाल्या.

"सैल होतील," कोल्हा म्हणाला. "आणि नाहीच झाले, तर पाय बारीक होतील. फायदाच की!"

बूट सैल झाले नाहीत. पायही बारीक झाले नाहीत. अंगठ्याशेजारचं बोट मात्र मधल्या सांध्यात वाकलं. बुटाला घासून त्याच्यावर कुरूप आलं.

एका सकाळी सगुणाबाई बूट काढून झाडावर चढल्या. अर्ध्या वाटेत बोटात अशी कळ आली, की पकड सुटली आणि त्या थेट बुंध्याशी येऊन बसल्या. वर मधमाश्या हसल्या. खाली सगुणाबाईंची पिल्लं मधासाठी तोंडं उघडून उभी होती. त्या दिवशी पिल्लांनी नुसती बोरं खाल्ली.

मग सगुणाबाई डॉक्टर बदकबाईंकडे गेल्या. डॉक्टरांनी बोट हळूच दाबलं. ते सरळ झालं. सोडलं, पुन्हा वाकलं.

"हातोडीसारखं दिसतंय ना? म्हणून याला हातोडी-बोट म्हणतात. हातानं सरळ होतंय, म्हणजे वेळेवर आलात. कायमचं ताठलं असतं, तर कदाचित शस्त्रक्रिया करावी लागली असती."

सगुणाबाईंचे डोळे चमकले. साळूताईंचा मुतखडा काढला, तेव्हा सगळं जंगल फळं घेऊन भेटायला लोटलं होतं.

"शस्त्रक्रिया? मोठी असते का हो?"

"तुम्हाला नाही लागायची. हे बूट सोडा. बोटं ऐसपैस मावतील असे घाला. कुरुपावर मऊ पट्टी लावा, घरी कापत बसू नका. आणि रोज जमिनीवर फडकं टाकून ते पायाच्या बोटांनी उचला."

"इंजेक्शन?"

"नको."

"मग निदान पथ्य तरी सांगा! काकडी बंद करू?"

"खुशाल खा," डॉक्टर म्हणाल्या.

सगुणाबाई हिरमुसून निघाल्या. वाटेत साळूताई भेटल्या.

"काय निघालं?"

"बोट वाकलंय."

"एवढंच?" साळूताई म्हणाल्या आणि पुन्हा आपल्या मुतखड्याची गोष्ट सांगू लागल्या.

सगुणाबाईंना इतका राग आला, की त्यांनी ते टोकदार बूट आणखी करकचून बांधले. पण घरी धाकट्या पिल्लानं मधाचं रिकामं मडकं आतून चाटलं आणि विचारलं, "आई, आता कधीच नाही का गं?"

सगुणाबाई मटकन खाली बसल्या. त्यांनी बूट काढले, ते दूर भिरकावले आणि जमिनीवर फडकं टाकलं.

आधी फडकं हलेचना. मग कोपरा उचलला गेला. पिल्लांना खेळ वाटला, तीही बोटांनी फडकी ओढू लागली. घरात एक फडकं जागेवर राहीना. हळूहळू कळ गेली, बोट सरळ झालं, आणि एके दिवशी सगुणाबाई पार शेंड्यावर पोचल्या. मधानं भरलेलं मडकं घेऊन खाली उतरल्या. पिल्लं नाचली. सगळं जंगल मध खायला जमलं.

"माझ्या बोटाला ना, फार मोठं..." सगुणाबाईंनी सुरुवात केली.

"वाढा हो अजून थोडा!" साळूताई म्हणाल्या.

तात्पर्य: दुखणं वेळेवर डॉक्टरला दाखवू नये. ते लवकर बरं होतं आणि मग भेटायला कुणी येत नाही.