खोटी हजेरी

ज्या दिवशी शाळांची सहामाही परीक्षा संपली, त्या दिवशी काकू गेली.

आमच्या काकांना हजेरीचं वेड. कन्नड गावच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झाले, पण हजेरीची वही सुटली नाही. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला, उटणं लावायच्या आधी, पडेगावच्या घरात ते सगळ्यांना रांगेत बसवत. पहिलं नाव काकूचं, मग विनय आणि सतीश ही त्यांची मुलं, शेवटी पुतण्या म्हणून मी.

“तोंडात चकली हाय का? हजर म्हणा की!”

“व्हय, हजर!” काकू आतून ओरडायची. “पाणी निवायलंय इकडं. तुमची वही घाला त्या बंबात!”

विनय पुण्यात, सतीश हैदराबादेत. शाळांना सुट्ट्या लागल्या की काका दोघांना फोन करत. एकाला रजा मिळायची नाही, दुसऱ्याला गाडीचं तिकीट. पट कधी भरलाच नाही. मग विनयचं नाव आलं की काकू तोंडाला पदर लावून जाड आवाजात म्हणायची, “हजर, सर!”

“खोटी हजेरी! अंगठे धरा!”

काकू खरंच वाकायची आणि हसता हसता तिथंच बसकण मारायची. काका मात्र विनयपुढं ‘गैरहजर’च लिहीत. नियम म्हणजे नियम.

यंदा दोघंही आले, बायकामुलांसकट. घरात सुतक, त्यामुळं तळण नव्हतं. शेजारणीनं दिलेला चिवड्याचा डबा कुणी उघडला नव्हता. पहिल्या आंघोळीच्या पहाटे काकांनी वही काढली.

“बाबा, आज राहू द्या,” विनय म्हणाला.

“बस खाली. पट भरलाय आज.”

पहिलं नाव त्यांनी घेतलं नाही. बाकी सगळे हजर म्हणाले, नातवंडंसुद्धा. मग त्यांचं बोट परत वर गेलं.

“लीलाबाई.”

त्यांनी तीनदा पुकारलं. मग आवाज बारीक करून स्वतःच म्हणाले, “व्हय, हजर.” वहीत तसं लिहिलं. चष्मा काढून ठेवला आणि अंगठे धरायला वाकले. हात गुडघ्यांपर्यंतच पोचले.

“उठा, बाबा,” सतीश म्हणाला.

“थांब. अजून धरले नाहीत.”

काकूचे दिवस झाले आणि मुलं आपापल्या गावी गेली. घरात आता काका एकटे आहेत. मी रोज सकाळी जातो आणि हजर म्हणून येतो.