धाकट्या खात्याला अक्षत

निफाडच्या जनार्दन बोरस्त्याच्या घरी एकच कॉम्प्युटर आहे, आणि त्यातल्या दोन खात्यांचं एकमेकांशी बोलणं बंद आहे. केरूनानाला हे सांगायची हौस नाही. पण पारावर बसलं की जो तो तेवढंच विचारतो, चहासुद्धा आधी पाजत नाहीत. म्हणून एकदाच सांगून टाकायचं.

जनार्दन आणि त्याचा धाकटा भाऊ मुरलीधर एका ताटात जेवतात. भांडण त्यांचं नाही, त्यांच्या खात्यांचं आहे. मुरलीधरनं स्वतःचं खातं उघडलं त्या दिवशीच खात्यांनी वाटणी करून घेतली. छापायचं यंत्र थोरल्याकडे गेलं, गाणी धाकट्याकडे, आणि मधला एक ओटा सामाईक राहिला. एकाची फाइल दुसऱ्याला हवी असली तर तिनं ओट्यावर यायचं, दुसऱ्यानं तिथून उचलायची. एकमेकांच्या घरात पाय ठेवायचा नाही.

जनार्दनच्या नलिनीचं लग्न ठरलं. मुरलीधरनं मंगलाष्टकं रचली आणि आपल्या खात्यात ठेवली. चौथ्या कडव्यात नलिनीच्या आईचं नाव होतं. ती माउली मागल्या साली गेली. अंतरपाट धरल्यावर तेवढं नाव कानावर पडावं, एवढंच पोरीचं मागणं होतं.

लग्नाच्या दिवशी माणसं जमली, आणि फाइल काही ओट्यावर येईना.

मुरलीधरनं खातं उघडून विचारलं, "काय झालं?"

"मालक, तुमच्यावर राग नाही," धाकटं खातं म्हणालं. "पण आम्हाला अक्षत आलेली नाही."

"पत्रिका ओट्यावर ठेवली होती की," भिंतीपलीकडून थोरलं खातं बोललं.

"ठेवली म्हणजे टाकली. सख्ख्या भावाला अक्षत द्यायला माणूस यावं लागतं."

यात खोटं काही नव्हतं. जनार्दननं गावात घरोघर अक्षत दिली होती, चुलत-मावसांकडे गाडी करून गेला होता, आणि घरातल्या खात्याला मात्र ओट्यावर पत्रिका टाकून मोकळा झाला होता.

"तुला मंगलाष्टकं पाठ नाहीत का रे?" त्यानं भावाला विचारलं.

"पाठ असती तर टाइप कशाला केली असती, दादा?"

जनार्दन हळदीकुंकवाचं ताट घेऊन स्वतः निघाला. धाकट्यानं दार उघडलं नाही. थोरल्या घरच्या माणसाला तिथं परवानगी नव्हती. मुरलीधर तर धाकट्याच्याच घरचा. आपणच आपल्याला अक्षत कशी द्यायची?

मग केरूनानाला बोलावलं. गावातली भांडणं नानाच तोडतो, कारण तो कुणाची भीड ठेवत नाही. त्यानं पडद्यासमोर खुर्ची ओढली.

"दोघंही मूर्ख आहात. पोरगी बोहल्यावर चढायची आहे आणि तुम्ही मानपान काढून बसलात."

"ज्याचं स्वतःचं खातं नाही त्यानं आमच्यात तोंड घालू नये," थोरलं खातं म्हणालं. "आधी एक पासवर्ड मिळवा, मग शहाणपण शिकवा."

सगळा मांडव ऐकत होता. नवरदेवाकडचा एक जण हसला. नानानं ते गिळलं, कारण गोरज मुहूर्त टळायला आला होता.

"पाहुण्याचं खातं असतं का तुमच्यात?" त्यानं विचारलं.

होतं. त्यात कुणीही जावं, फक्त आत घडलेलं बाहेर येताना विसरावं लागतं. नानानं चपला काढल्या आणि ताट घेऊन आत गेला. पुढचं मांडवानं पडद्यावर पाहिलं. पाहुणा म्हटल्यावर धाकट्यानं दार उघडलं. नानानं कुंकू लावलं, हातावर अक्षत ठेवली आणि म्हणाला, "सगळ्या फाइली घेऊन यायचं. घरी कुणी राहायचं नाही."

"एवढंच तर हवं होतं," धाकटं खातं म्हणालं, आणि नानाला लाडू खाल्ल्याशिवाय सोडेना.

मग फाइली निघाल्या. पुढं मंगलाष्टकं, मागं मुरलीधरची गाणी, विजेची बिलं, लोणच्याची कृती, सगळ्या नटून ओट्यावर. थोरल्यानं मंगलाष्टकं उचलली आणि छापली. मुरलीधरनं ती खड्या आवाजात म्हटली. चौथं कडवं आलं तशी अंतरपाटामागं नलिनीनं मान वर केली, आणि ते संपेपर्यंत खाली घातली नाही. बाकीच्या फाइली पंगतीला बसल्या. वाढप्यांनी त्यांनाही मठ्ठा वाढला.

नाना बाहेर आला तेव्हा आत खाल्लेलं त्याला आठवत नव्हतं, म्हणून तोही पंगतीला बसला. त्यावरून गाव त्याला खादाड म्हणतं. म्हणू दे. पण आत जायच्या आधी जे ऐकलं ते त्याला शब्दाला शब्द आठवतं.

दुसऱ्या दिवशी जनार्दन पाया पडायला आला. "नाना, चुकलं."

"तू कशाला वाकतोस? तू काही बोललाच नाहीस. जो बोलला त्यानं यायचं."

जनार्दननं निरोप पोचवला. उलट निरोप आला, की सध्या अपडेट चालू आहे. ते अजून चालूच आहे. नानाला घाई नाही, पण माफी घेईल तर त्याच्याच तोंडून घेईल: जनार्दन बोरस्त्याच्या थोरल्या खात्याच्या.