साळवेदादा आणि चांदीचं नाणं

साळवेदादांनी चपलांचा एक जोड घ्यायला दोन पावसाळे लावले. पहिल्या पावसाळ्यात रंग ठरला, दुसऱ्यात दुकान. मधल्या काळात जुन्या चपलेचा अंगठा तुटला, तो त्यांनी सुतळीनं बांधला. कुणी पायाकडं बघून हसलं, की ते शांतपणे सांगायचे, "विचार चालू हाय."

मी तेव्हा जाफराबादच्या शाळेत गणित शिकवायला नुकताच लागलो होतो. दादा गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. चाळिशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ, सदरा मात्र कायम कडक इस्त्रीचा. दवाखान्यात हा माणूस वेगळाच असायचा. मारका बैल शिंगं रोखून उभा राहिला आणि डॉक्टरसाहेबांना एकदम कपाटातलं काहीतरी शोधावंसं वाटलं, की दादा सरळ पुढं होत, वेसण धरत, आणि बैलाला कळायच्या आत सुई टोचून मोकळे होत. तिथं विचार नाही, काही नाही. पण संध्याकाळी भाजी घ्यायला निघाले, की भेंडी का गवार, एवढ्यावर बाजार उठायची वेळ यायची.

लग्नाचंही तसंच झालं. केदारखेड्याची एक मुलगी त्यांनी पाहिली होती. मुलगी पसंत होती, घर चांगलं होतं. मुलीच्या वडिलांनी वाट पाहिली, निरोप धाडले, शेवटी दुसरीकडं सोयरीक जमवली. पत्रिका दादांनाही आली.

"गेल्तो ना मी," ते मला सांगत होते. "बुंदी बिलकुल बराबर झाल्ती. नवरदेवही चांगला होता. मला तर लई आवडला."

नाणी जमवण्याचा नादही त्यांना या स्वभावामुळंच लागला. निजामाचा हाली रुपया बंद झाला, तेव्हा लोकांनी धावपळ करून आपापले रुपये बदलून घेतले. दादांकडं वडिलांनी दिलेले काही चारमिनारचे रुपये होते. ते बदलावेत का ठेवावेत, यावर दादा विचार करत बसले आणि मुदत निघून गेली. पुढं कुणीतरी सांगितलं, की शहरात लोक असली नाणी मुद्दाम शोधतात. तेव्हापासून दादा स्वतःला संग्राहक म्हणवून घेऊ लागले.

"पाह्यलं न्हाई का सर? जल्दी केली असती तर आज हातात काय राह्यलं असतं?"

या नादातले त्यांचे सोबती होते मोतीशेठ. पेठेत त्यांचं कापडाचं दुकान होतं. देह अवाढव्य. एकदा सकाळी गादीवर बसले, की दुकान बंद होईपर्यंत उठत नसत. ठाण खालून वर पाहिजे असेल तर गिऱ्हाइकालाच सांगायचे, "जरा तेवढं उचलून द्या." शेठ जुने चांदीचे रुपये जमवत. दवाखाना सुटला की दादा दुकानाच्या ओट्यावर येत, शाळा सुटली की मी. माझ्याकडं एकही जुनं नाणं नव्हतं. मी चहासाठी जायचो.

एक दिवस शेठनं पेपरातली बातमी वाचून दाखवली. सरकारनं चांदीचं नवं कोरं नाणं काढलं होतं. बाजारात फिरवायचं नाही, हौशी लोकांनी टांकसाळीकडून मागवायचं. शेठनं त्याच आठवड्यात आपल्यासाठी मागवून टाकलं. दादा मात्र ओट्याच्या खांबाला टेकले आणि आमच्या गावातली सगळ्यात लांबलेली चर्चा सुरू झाली.

"शेठ, मला एक सांगा. हे देऊन वांगी भेटतील का?"

"वांगी कशाला घेता? चांदी आहे ती!"

"मंग त्याला नाणं कशाला म्हणायचं? बिल्ला म्हणा."

दुसऱ्या दिवशी दादा वेगळाच मुद्दा घेऊन आले. जुनं नाणं कुठं कुठं फिरलेलं असतं, कुणाच्या कमरेला राहिलेलं असतं, कुणाच्या ओटीत पडलेलं असतं. हे नवं तर टांकसाळीतून थेट डबीत जाणार. "म्हणजे पोरगं जन्मलं आणि पाळण्यातच पेन्शनीत निघालं!"

शेठ चिडले. "घेऊ नका मग!"

"तसं कुठं म्हणून राह्यलो? त्याच्यावर कणसं काढल्यात म्हणं. कणसं चांगली असतात."

असं ते चालू राहिलं. दादांनी सोनाराला विचारलं, पोस्टमास्तरांना विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं. पाटलांच्या गाईचं गळू फोडताना पाटलांनाही विचारलं. जो तो म्हणे, घ्या. दादा रोज ओट्यावर येऊन सांगत, "बराबर हाय त्यांचं. पण दुसरी बाजू पण पाह्यली पाह्यजे." एव्हाना शेठचं नाणं आलं. दादांनी ते उजेडात धरलं, उलटं केलं, सुलटं केलं, परत दिलं आणि म्हणाले, "आता तर आणखीनच विचार करावा लागंल."

याच सुमारास मोतीशेठची म्हैस अडली. पारडू आडवं आलेलं, डॉक्टर जालन्याला मीटिंगला गेलेले. शेठच्या घरची माणसं रडकुंडीला आली. दादा आले, सदरा काढून खुंटीला अडकवला, खांद्यापर्यंत साबण लावला आणि भर उन्हात गोठ्यात बसकण मारली. दुपार कलली तेव्हा म्हैस सुटली आणि पारडीही जिवंत निघाली. शेठनं पैसे पुढं केले तर दादा म्हणाले, "राहू द्या. हिचा खरवस केला तर धाडा."

खरवस पाठवून शेठचं समाधान होईना. मी म्हटलं, "ते नाणंच आपण मागवून देऊ. दादांच्यानं तर ठरत नाही." शेठनं गादीवर थाप मारली. दोघांनी मिळून पैसे पाठवले. नाणं आलं, त्या संध्याकाळी शेठनं पेढेही मागवले होते.

दादांनी पाकीट हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. मग म्हणाले, "छान हाय. लई खर्चा केला तुम्ही." एक पेढा खाल्ला आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी दादा आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. आठवडा गेला. शेठ म्हणाले, "नाणं पाहत बसले असतील." पण शेठचं हिशोबात लक्ष नव्हतं, दर थोड्या वेळानं मान लांबवून रस्त्याकडं बघत होते. शेवटी मीच उठलो.

दादा नदीच्या अंगाला एका खोलीत राहत. मी इतक्या दिवसांत तिथं कधी गेलो नव्हतो. कधी गरजच पडली नव्हती. दार उघडं होतं. दादा खाटेवर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. नाणं कोनाड्यात होतं, टांकसाळीच्या पाकिटातून काढलेलंसुद्धा नव्हतं.

"दादा, बरं नाही का?"

"बराबर हाय ना."

"मग येत का नाही? आमचं काही चुकलं का?"

"छ्या! तुमचं काय चुकलं?" ते उठून उभे राहिले, परत बसले. "सर, नाणं तर आलं. आता येऊन बोलायचं काय?"

मला आधी हसू आलं. त्यांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि ते तोंडातच राहिलं.

"बहीण होती तवर ठीक होतं," दादा म्हणाले. "कुंभार पिंपळगावला दिली तिला. ती बडबड करायची, मी ऐकायचो. मंग दवाखाना सुटला की करायचं काय? शेठ मोठा माणूस, तुम्ही मास्तर. बिनकामाचं रोज रोज कोण बसू देतं ओट्यावर? नाण्याचं निघालं तवा बरं वाटलं. सकाळपासून जुळवायचो, आज शेठला काय म्हणावं, ते काय म्हणतील, मंग मी काय म्हणावं."

तेवढ्यात बाहेर कुणीतरी जोरजोरात धापा टाकत असल्याचा आवाज आला. दारात मोतीशेठ उभे होते. घामानं निथळत होते, टोपी हातात. पेठेपासून नदीपर्यंत हा माणूस पायी आला होता.

"दुकान?" मी विचारलं.

"ते काय पळून जातंय?" शेठ खाटेवर बसले, खाट कुरकुरली. "साळवे, तुम्ही येत नाही, तर माझ्याशी दिवसभर भांडणार कोण? गिऱ्हाइकं नुसती भाव करतात. चहा ठेवा."

दादांनी लगबगीनं स्टो पेटवला. चहा उकळला आणि ते फळीकडं बघत थांबले. फळीवर एकच कप होता. तो त्यांनी धुऊन पुसून शेठच्या हातात दिला, मला पितळी वाटी दिली आणि आपण तांब्या घेतला. मग शेठनं एक घोट घेतला आणि म्हणाले, "साखर कमी आहे." दादा म्हणाले, "बराबर हाय साखर." आणि अंधार पडेपर्यंत दोघं साखरेवर भांडत बसले.

पुढच्या आठवडी बाजारात मी मेथी निवडत होतो. समोर चिनी मातीची भांडी मांडलेली होती. दादा तिथं आले, दोन कप उचलले, बशा जुळवून घेतल्या, दुकानदारानं सांगितला तो भाव दिला आणि कप पोटाशी धरून गर्दीतून वाट काढत घरी गेले.