बेसबॉलचं हळदीकुंकू

संजय टिपणीसची नोकरी दुबईतल्या एका नव्या बेसबॉल लीगसाठी प्रेक्षक जमवण्याची होती आणि सुरुवातीला ती झकास चालली. मग तीन खेळाडू उत्तेजक औषधं घेताना सापडले. मालकांनी सरसकट सगळ्यांच्या रोज तपासण्या लावल्या. "चोर तिघे आणि झडती सगळ्यांची?" म्हणत बाकीचे खेळाडू मैदानात उतरेनात. सोळा दिवस फाटकाला कुलूप. त्यातच 'उद्या मॅच नक्की आहे, या' असा मेसेज संजयनेच दुबईतल्या करामापासून शारजातल्या रोल्लापर्यंत सगळ्या मराठी ग्रुपांवर टाकला होता. लोक पोराबाळांना घेऊन आले आणि कुलूप बघून गेले. पुढे तडजोड झाली, खेळाडू परतले, लोक काही परतले नाहीत. संजयला याची फार टोचणी होती, कारण एव्हाना बिचाऱ्याला हा खेळ खरोखर आवडायला लागला होता.

"शनिवारी मालक येतायत," मॅनेजर राहुल म्हणाला. "पाचशे लोक आले नाहीत तर खलास. लीग पॅकअप."

घरी स्मिताचीही झोप उडाली होती. मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा तिच्याकडे होतं आणि हॉलवाल्याने ऐनवेळी हात वर केले होते.

"माझ्याकडे बायका आहेत, जागा नाही. तुझ्याकडे जागा आहे, माणसं नाहीत," ती म्हणाली.

"पण त्या मॅच बघतील ना गं?"

"स्टेडियममध्ये येऊन काय भिंती बघणार आहेत?"

शनिवारी फाटकाशी काळ्या साड्यांची ही रांग लागली. आत स्मिताने टेबल मांडून तिळगूळ आणि वाणाच्या गाळण्या ठेवल्या होत्या. फाटकावरच्या यंत्राने सहाशे बारा आकडा दाखवला, तेव्हा संजयला भर मैदानात नाचावंसं वाटलं.

"बाबा, दे आर ऑल लीव्हिंग!" त्याची मुलगी अस्मी धावत आली.

हळदीकुंकवाला आलेली बाई बसत नाही, हे संजय साफ विसरला होता. कुंकू लावायचं, वाण पिशवीत टाकायचं की निघायचं.

"वासंतीताई, पहिला बॉल तरी बघा हो!" तो फाटकात आडवा झाला.

"बघितला असता हो, पण शारजात अजून तीन घरं करायचीयत. यल्ला, चला गं!"

सामना सुरू झाला तेव्हा स्टँडमध्ये अकरा माणसं होती, त्यातले दोन ड्रायव्हर. तडजोडीनंतर पहिल्यांदाच उतरलेल्या म्हाताऱ्या पिचरने प्रेक्षकांसाठी टोपी उंचावली, इकडेतिकडे पाहिलं आणि परत डोक्यावर ठेवली. संजयने एकट्यानेच जोरजोरात टाळ्या वाजवल्या. त्याला रडूच येणार होतं.

तेवढ्यात राहुल वरून धावत आला. "संजय, सहाशे बारा! मालक जाम खूश! मैदान राहतंय आणि तुला प्रमोशन!"

"पण सर, कोणी थांबलंच नाही..."

"तेच तर त्यांना आवडलं! लोक आले, गिफ्ट घेतलं, पाच मिनिटांत गेले. पुढच्या सीझनला दर शनिवारी हेच करायचं."

"आणि मॅच?"

"मॅच कशाला? सगळा त्रास खेळाडूंचाच तर होता. आता तू हेड झालास ना, मग तूच सांग त्यांना."

संजय शेवटपर्यंत बसून राहिला. म्हाताऱ्याने शेवटचा गडी बाद केला आणि थेट त्याच्यापाशी आला.

"थँक यू," तो धापा टाकत म्हणाला. "तू थांबलास म्हणून खेळलो. नेक्स्ट सीझन येशील ना?"

"येईन," संजय म्हणाला.